उदास शब्द, चालती लय

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते शाळेत संगीत शिकवत आणि पेटी वाजवत. त्यांच्या नावानं होणाऱ्या व्याख्यानात रागसंगीत किंवा नाट्यपदं यांवर काही ऐकायला मिळेल, असं आपल्यापैकी अनेकांना वाटलं असणार. मी ब्राझीलच्या एका गाण्यावर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी एकच प्रश्न विचारला: पेटी लागेल का? लागेल. ती शेजारी ठेवली आहे आणि मधे एकदा मी तिच्यावर चार सूर दाबून दाखवणार आहे.

हल्ली कुठलंही गाणं मोबाइलवर शोधलं की त्याच्याविषयी तीन गोष्टी आयत्या मिळतात. लय किती, म्हणजे मिनिटाला ठोके किती, पट्टी कोणती, आणि भाव कोणता, म्हणजे गाणं आनंदी की उदास. पुष्कळ गाण्यांच्या बाबतीत हे तीन रकाने एकमेकांशी जुळतात. लय जलद, स्वर शुद्ध, तर गाणं आनंदाचं. लय विलंबित, गंधार कोमल, तर गाणं दुःखाचं. संगणकाचाच हा आडाखा आहे असं नव्हे, आपणही बहुतेक वेळा असंच ऐकतो.

1950च्या दशकाच्या अखेरीस रिओ द जानेरो शहरात एक गानप्रकार घडला, बोसा नोव्हा. तिथं हे रकाने जुळत नाहीत. लय चालती असते, आवाज जेमतेम बोलण्याइतका, शब्द विरहाचे, आणि खालचे स्वर मधूनच उजळणारे. मग या गाण्याचा भाव ठरवायचा कशावरून? माझं म्हणणं असं आहे की बोसा नोव्हाचा भाव यांपैकी कुठल्याच एका घटकात सापडत नाही. लय एक सांगते, पट्टी दुसरं सांगते, शब्द तिसरं सांगतात, आणि गाणारा त्यांतल्या कुणालाही वरचढ होऊ देत नाही. त्या संयमातून जो भाव तयार होतो तो या प्रकाराचा खास भाव. तो सैलपणातून आलेला नाही. फार काटेकोर कारागिरीतून आलेला आहे.

उदाहरणासाठी मी ज्या गाण्यापासून या प्रकाराची सुरुवात मानतात तेच घेतो: ‘शेगा जी साउदाजी’. संगीत आंतोनियो कार्लोस जोबिम यांचं. ब्राझीलमध्ये त्यांना तोम जोबिम म्हणतात. शब्द विनिसियुस द मोराइस यांचे. हे कवी होते आणि ब्राझीलच्या परराष्ट्र सेवेत राजनैतिक अधिकारीही होते. 1958 साली हे गाणं दोनदा ध्वनिमुद्रित झालं. आधी एलिझेती कार्दोझो या नामवंत गायिकेनं ते एका दीर्घ तबकडीसाठी गायलं. त्या तबकडीत काही ठिकाणी गिटार वाजवणारा सत्ताविशीतला एक तरुण होता, ज्वांव जिल्बेर्तो. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यानं ओडियन कंपनीसाठी हेच गाणं स्वतः गाऊन मुद्रित केलं. ती तबकडी 78 फेऱ्यांची आणि गाणं दोन मिनिटांचं. पुढच्या वर्षी याच नावाची त्याची दीर्घ तबकडी निघाली आणि ब्राझीलच्या गाण्याचा कल बदलला.

गायिकेनं गायलेलं गाणं उत्तमच आहे. आवाज भरदार, सुरांवर कंप, मागं वाद्यवृंद. पण ते जुन्या वळणाचं विरहगीत वाटतं. शब्द तेच, चाल तीच, गिटारवादकही तोच, मग जिल्बेर्तोच्या मुद्रणात वेगळं काय घडलं?

आधी लय घेऊ. बोसा नोव्हाचं मूळ सांबात आहे. सांबा दोन मात्रांच्या मापात लिहितात. त्यात सुर्दू नावाचा मोठा ढोल मात्रा दाखवतो आणि दुसऱ्या मात्रेवर जोर देतो. वर तांबोरिम नावाचं छोटं चर्मवाद्य काठीनं वाजतं आणि मात्रांच्या मधल्या जागा पकडतं. कार्निव्हलच्या मिरवणुकीत अशी वाद्यं शेकड्यांनी असतात. जिल्बेर्तोनं हा सगळा ताफा एका पंजात आणला. गिटारच्या जाड तारांवर त्याचा अंगठा सुर्दूचं काम करतो. मात्रा ठरलेल्या, न चुकणाऱ्या, न धावणाऱ्या. बाकीची बोटं एकदम तारा छेडतात आणि तांबोरिमसारखी अडनिड्या जागी पडतात.

हे सांगून कळत नाही, करून कळतं. तेव्हा माझ्याबरोबर एक ते सोळा मोजा आणि 1, 4, 7, 11 आणि 14 या अंकांवर टाळी द्या. पुन्हा एकदा. टाळ्यांमधली अंतरं बघा: तीन, तीन, चार, तीन, तीन. सोळा मात्रा म्हटल्या की आपल्या हाताला त्रितालाची सवय, चार-चारचे विभाग. त्या विभागांच्या सुरुवाती 1, 5, 9 आणि 13 वर येतात. यांतल्या पहिल्या सोडून एकाही जागेवर आपली टाळी पडली नाही. आता पायानं 1, 5, 9, 13 वर ठेका धरा आणि हातानं तीच टाळी द्या. पाय म्हणजे जिल्बेर्तोचा अंगठा. हाताची टाळी म्हणजे पुढं बोसा नोव्हाच्या ढोलवादकांनी ड्रमच्या कडेवर काठीनं वाजवून रूढ केलेला नमुना. जिल्बेर्तो स्वतः या नमुन्याला बांधलेला नव्हता. गाण्यागणिक, कधी ओळीगणिक त्याची बोटं जागा बदलत. पण अंगठा शांत आणि बोटं चंचल, हे नातं कायम असे.

यातून लयीच्या आकड्याची गंमत निघते. ब्राझीलमधले संगीतकार दोन मात्रांच्या मापात लिहितात, तेव्हा मध्यम चालीच्या बोसा नोव्हाचा वेग मिनिटाला पासष्टच्या आसपास निघतो. अमेरिकेतले जॅझवादक हेच गाणं चार मात्रांच्या मापात लिहितात, तेव्हा वेग एकशे तीसच्या आसपास होतो. गाणं एकच, एक जण ठाय मोजतो, दुसरा दुगुन. दोघंही बरोबर आहेत, कारण गाण्यात दोन्ही लयी एका वेळी नांदतात. अंगठ्याकडे कान दिला तर गाणं निवांत चालतं. बोटांकडे दिला तर आतून धावतं. लयीच्या रकान्यात एकच आकडा लिहायचा म्हटलं की यातली एक बाजू पुसली जाते.

या दोन्हींवर तिसरी गती आवाजाची. जिल्बेर्तो ओळ कधी मात्रेआधी उचलतो, कधी मागं रेंगाळतो, आणि ओळीच्या शेवटी बरोबर घरी येतो. ख्याल ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. लय सोडायची नाही, पण लयीला चिकटूनही राहायचं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. फरक इतकाच की आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि गवई खेळतो. इथं धरणारा आणि खेळणारा एकच माणूस आहे.

आता पट्टी. हे गाणं छापील स्वरलेखनात बहुधा पांढरी दोनमध्ये आढळतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला मायनर, दुसरा मेजर. आपल्या भाषेत ढोबळपणे सांगायचं तर षड्ज तोच राहतो, पण पहिल्या भागात गंधार कोमल आहे आणि दुसऱ्या भागात शुद्ध होतो. दोन्ही गंधार आपल्या जोग रागातही आहेत, पण तिथं ते एकाच चलनात आरोह-अवरोहाला शेजारी-शेजारी येतात. इथं गाण्याचा अर्धा प्रदेश एका गंधाराचा आणि उरलेला अर्धा दुसऱ्याचा. रिओच्या शोरो या जुन्या वाद्यसंगीतात भाग बदलला की पट्टी बदलण्याची रीत होती. जोबिमना ती माहीत होती.

पण जोबिमनी हा बदल कुठं केला ते पाहा. पहिल्या भागात नायक म्हणतो की ती गेली आहे, तिच्यावाचून चैन नाही, तिला परत यायला सांगा. इथं कोमल गंधार. मग तो म्हणतो की ती जर परत आली, तर काय बहार होईल. त्या ‘जर’वर गंधार शुद्ध होतो. इथून पुढं भेटीचं, आलिंगनांचं वर्णन आहे आणि ते खेळकर आहे. गाणं संपतंही शुद्ध गंधारातच.

ती मात्र आलेली नाही. उजळलेला अर्धा भाग सगळाच्या सगळा ‘जर’च्या पोटातला आहे. जे खरं आहे ते मायनरमध्ये, जे मनात आहे ते मेजरमध्ये. पट्टीचा रकाना इथं ‘मेजर’ म्हणेल, कारण शेवट तिथं होतो. भावाचा रकाना ‘आनंदी’ म्हणेल. आणि अंगठा? तो दोन्ही भागांत तोच आहे. दुःखात मंदावत नाही आणि सुखाच्या कल्पनेनं उतावीळ होत नाही. गायकाचा आवाजही चढत नाही. एलिझेती कार्दोझोच्या गायनात शोक शोकासारखा आणि हर्ष हर्षासारखा येतो. जिल्बेर्तो दोन्हीला एकाच पातळीवर ठेवतो, आणि त्यामुळंच ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाला आपला आनंद कल्पनेतला आहे हे पक्कं ठाऊक आहे.

इथं पेटीची वेळ झाली. आपला कान तानपुऱ्यावर घडलेला आहे. षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, आणि प्रत्येक सुराचा अर्थ त्या षड्जावरून ठरतो. पाश्चात्त्य संगीतात सुराखाली सतत बदलणारे स्वरसमूह असतात, ज्यांना कॉर्ड म्हणतात. सूर तोच राहिला तरी खालचा आधार बदलला की त्याचा अर्थ बदलतो. जोबिम आणि त्यांचा बालमित्र न्यूटन मेंदोन्सा यांनी या तत्त्वावरच एक गाणं रचलं, ‘एका सुराचा सांबा’. जिल्बेर्तोनं ते 1960 साली मुद्रित केलं.

उजव्या हातानं मी पांढरी चार दाबून ठेवतो. ती सोडायची नाही. गायक हाच एक सूर गात राहतो. आता डाव्या हातानं खालचा आधार: आधी पांढरी दोन. ऐका, वरचा सूर तिचा कोमल गंधार झाला. आता काळी एक. तोच सूर शुद्ध गंधार झाला. आता पांढरी एक. तोच सूर शुद्ध मध्यम. आणि आता खालच्या सप्तकातली पांढरी सात. तोच सूर तीव्र मध्यम. वरचं बोट हललं नाही. खालचं बोट अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरलं, आणि स्थिर सुराला एकामागून एक चार अर्थ आले. गाण्यात याच चार आधारांवर पूर्ण कॉर्ड असतात, त्यामुळं रंग आणखी गडद होतात. पुढं चाल एकदा वरच्या दुसऱ्या सुरावर जाते, मधल्या भागात भराभर वरखाली धावते आणि पुन्हा मूळ सुरावर येऊन बसते.

याच जोडीचं ‘देसाफिनादो’ नावाचं गाणं आहे. बेसूर म्हणून हिणवलेल्या प्रियकराचं. त्यात चाल मुद्दाम अशा सुरांवर थांबते जे अप्रशिक्षित कानाला चुकल्यासारखे वाटतात, पण खालचा आधार ऐकला तर अगदी बरोबर असतात. मेंदोन्सा 1960 च्या नोव्हेंबरात वारले, वयाच्या 33 व्या वर्षी. या दोन गाण्यांना जगभर जे नाव मिळालं ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

आता आवाज. जिल्बेर्तोचा जन्म 1931 चा, बाहिया प्रांतातल्या जुआझेरो गावातला. तरुणपणी रिओत येऊन तो एका गायकवृंदात गात होता, तेव्हा त्या काळच्या बड्या गायकांसारखाच मोकळ्या गळ्यानं गाई. जम बसला नाही. मग काही काळ तो दियामांतिना गावी बहिणीच्या घरी राहिला. तिथं तो न्हाणीघरात तासन्‌तास गिटार घेऊन बसे, कारण फरशीच्या भिंतींमुळं हळू गायलेलंही स्पष्ट ऐकू येई. तिथून बाहेर पडला तेव्हा गळ्यातला कंप गेला होता आणि आवाज बोलण्याच्या पातळीवर आला होता. स्टुडिओत त्यानं दोन मायक्रोफोन मागितले, एक गळ्यासाठी आणि एक गिटारसाठी. त्या काळी हा हट्ट वाटला. पण गळा आणि गिटार यांच्यातलं अंतर हाच ज्याच्या गाण्याचा विषय, त्याला दोन्ही सारखेच ऐकू जायला हवे होते.

हळू आवाजाचं एक कारण नेहमी सांगतात, की रिओच्या कोपाकबाना भागातल्या सदनिकांमध्ये रात्री शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून मुलं हळू गात. असेलही. पण शेजाऱ्यांसाठी हळू गाणारे जगात कमी नाहीत, त्यांतून नवा गानप्रकार निघत नाही. आवाज कमी केल्यावर सुरातली सूक्ष्म चूकही लपत नाही आणि लयीतला केसाएवढा फरकही ऐकू येतो. जिल्बेर्तोला ते हवं होतं.

या भावाला काळाचाही आधार होता. 1956 ते 1961 या वर्षांत जुसेलीनो कुबिचेक ब्राझीलचे अध्यक्ष होते. पन्नास वर्षांची प्रगती पाच वर्षांत करण्याची त्यांची घोषणा होती. 1958 साली ब्राझीलनं फुटबॉलचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. 1960 च्या एप्रिलमध्ये ब्राझिलिया ही नवी राजधानी सुरू झाली. रिओच्या समुद्रकाठच्या सुस्थित मध्यमवर्गाला आपला देश आधुनिक होतो आहे असं वाटत होतं, आणि बोसा नोव्हा हे त्यांचं गाणं होतं.

इथंच आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. जुझे रामुस तिन्योरांव या समीक्षकानं आयुष्यभर मांडलं की टेकड्यांवरच्या गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांचा सांबा मध्यमवर्गानं उचलला, त्याला अमेरिकन जॅझचा मुलामा दिला आणि आपला म्हणून विकला. यात तथ्य आहे. जॉनी आल्फ हा कृष्णवर्णीय पियानोवादक 1950च्या दशकाच्या आरंभीच कोपाकबानात अशा प्रकारचे कॉर्ड वाजवत होता, आणि त्याचं नाव आज किती जणांना माहीत आहे? पण संगीताच्या अंगानं तिन्योरांव यांचा निवाडा मला पुरा पटत नाही. जिल्बेर्तोच्या पहिल्याच दीर्घ तबकडीवर नव्या गाण्यांबरोबर दोरिवाल काइमी आणि आरी बारोझो यांचे जुने सांबा आहेत. त्यानं सांबा सोडला नाही, त्याचा सांगाडा उघडा केला. श्रेय आणि पैसा कुणाला मिळाला हा अन्यायाचा प्रश्न खरा आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

1964 साली लष्करानं सत्ता घेतली. ज्या गायिका नारा लेआंवच्या घरी कोपाकबानात बोसा नोव्हाची मुलं जमत, तीच त्याच वर्षी झे केची आणि ज्वांव दो वाले या श्रमिक थरातून आलेल्या गीतकारांबरोबर ‘ओपिनियांव’ या प्रयोगात उभी राहिली. नुसत्या संयमानं भागणार नाही, असं काहींना वाटू लागलं होतं. कुठलाही भाव सर्व काळांना पुरत नाही, आणि बोसा नोव्हाचाही पुरला नाही.

अमेरिकेत मात्र याच काळात बोसा नोव्हाची लाट होती. 1963 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ, जिल्बेर्तो आणि जोबिम यांनी एकत्र मुद्रण केलं. ‘इपानेमाची मुलगी’ तिथलंच. पट्टी आपल्या हिशेबानं काळी एक. आधी ज्वांव पोर्तुगीजमध्ये गातो, मग त्याची पत्नी आस्त्रूद त्याच पट्टीत इंग्रजीत. 1964 साली तबकडी आली, 1965 मध्ये तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पण रेडिओसाठी या गाण्याची जी छोटी आवृत्ती काढली तिच्यातून ज्वांवचं गायन कापून टाकलं. ज्याच्या पंजातून ही लय निघाली त्याचा आवाजच गेला. उरलं ते गोड गाणं. हॉटेलांच्या लॉबीत आणि लिफ्टमध्ये जे वाजत राहिलं ते याच उरलेल्या गोडव्याचं पुढचं रूप. जग या प्रकाराला पार्श्वसंगीत समजू लागलं.

आपल्याकडेही ही लाट पोचली. 1966 च्या ‘पती पत्नी’ चित्रपटात राहुल देव बर्मन यांनी आशा भोसले यांच्याकडून ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’ बोसा नोव्हाच्या वळणावर गाऊन घेतलं. पुढं हिंदी चित्रपटगीतांच्या मागं ही गिटार अनेकदा ऐकू आली. ती ओळखायची असेल तर मघाची तीन-तीन-चार-तीन-तीनची टाळी लक्षात ठेवा.

जोबिम 1994 साली गेले. रिओच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला त्यांचं नाव आहे. ज्वांव जिल्बेर्तो 6 जुलै 2019 रोजी रिओत वारला. दोघांच्या नावावर मोठं काम आहे. तरी मला विचाराल तर 1958 ची ती दोन मिनिटं त्यांनी पुढं केलेल्या कशाहून कमी नाहीत. नव्या प्रकाराचं सगळं व्याकरण तिथं पहिल्याच खेपेला पुरं झालेलं आहे.

आपल्याला एक विनंती करून थांबतो. घरी गेल्यावर आधी एलिझेती कार्दोझोचं आणि लगेच ज्वांव जिल्बेर्तोचं ‘शेगा जी साउदाजी’ ऐका. पोर्तुगीज येत नसलं तरी अडणार नाही. पहिल्यांदा फक्त अंगठा ऐका, दुसऱ्यांदा फक्त बोटं, आणि तिसऱ्यांदा गंधार कुठं शुद्ध होतो ती जागा पकडा. तेवढा वेळ हातात दुसरं काम घेऊ नका. आपण मैफलीला देतो तसंच लक्ष या गाण्यालाही लागतं.